पाण्यानेच केलेली कल्हई

आमच्या हिवरा आश्रमाहून कोणत्याही दिशेला तास-दोन तास निघालात, की पाण्याची जात बदलते. जवळच पैनगंगेवर पेनटाकळीचं धरण आहे, त्याचं पाणी गोडं. मेहकर ओलांडून लोणारला गेलात, तर उल्केच्या आघातानं झालेल्या त्या विवरातलं पाणी इतकं खारं आणि सोड्याचं, की बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, तेव्हा साऱ्या देशानं त्याचे फोटो पाहिले. आणि उत्तरेला घाट उतरून खामगाव-शेगावच्या पुढे गेलात, की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथल्या पाण्यानं माणसांच्या किडन्या बिघडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. भांड्यांचं, नळांचं काय होतं, ते मात्र बातमीत येत नाही. माझी धाकटी बहीण त्या भागात दिलेली आहे. तिच्याकडे पाणी तापवायच्या हीटरच्या कांडीवर दोन-तीन महिन्यांत पांढरा थर चढतो.  शेवटी कांडी स्वतःच आतून जळून जाते.

पाणी आणि धातू यांचं हे नातं आमच्या पिढीच्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. आमच्या लहानपणी कल्हईवाला यायचा. झाडाखाली भाता मांडायचा, पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर व्हायचा आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसली की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. आई सांगायची, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, कळकतं. म्हणजे आमटी असो की ताक, ते तांब्या-पितळेला कधी भेटतच नव्हतं. ते भेटायचं त्या कथलाच्या पातळशा थराला. भांडं जाडजूड, वजनदार, पण सगळी भिस्त त्या थरावर!

हे सगळं आज लिहायला कारण झालं एका धातूचं. त्याचं नाव झिर्कोनियम. मी बी.ए. मराठी माध्यमातून केलं, आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरापुरता. पण थोरल्या भावाचा मुलगा, माझा भाचा, तारापूरच्या अणुवीज केंद्रात चौतीस वर्षं रसायनशास्त्र विभागात होता. आता निवृत्त होऊन गावी आला आहे. संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतो. त्याला खोदून खोदून विचारलं, त्यातून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या असतात, खडूच्या तुकड्यांसारख्या. त्या उघड्या ठेवता येत नाहीत. नळीत भरून दोन्ही टोकं बंद करायची आणि त्या नळ्यांभोवती पाणी खेळवायचं. पाणी उष्णता घेऊन जातं, तिची वाफ, वाफेवर जनित्र. आता ही नळी कशाची करायची? युरेनियमचा अणू फुटताना न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर पडतात आणि त्यांनीच पुढचे अणू फोडायचे असतात. नळीचा धातू जर न्यूट्रॉन गिळत बसला, तर चूल पेटायचीच नाही. पोलाद बरेच गिळतं. झिर्कोनियम जवळजवळ गिळतच नाही. शिवाय ते वितळतं अठराशे अंश सेल्सियसच्याही वर. म्हणून जगभर हाच धातू घेतात.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडली. १७८९ साली, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञानं दोन मूलद्रव्यं ओळखली. एक युरेनियम. दुसरं झिर्कोनियम, तेही सिलोनहून आलेल्या झिरकॉन नावाच्या खड्यातून. एकाच माणसानं एकाच वर्षी ओळख पटवलेल्या या दोघांचा संसार पुढे दीड शतकानं एकत्र लागायचा होता, हे त्याला कुठून कळावं?

संसार सुखासुखी लागला नाही. झिर्कोनियमसोबत खनिजात हाफ्नियम नावाचा भाऊ असतो. रूपानं, गुणानं जुळाच, पण न्यूट्रॉन गिळण्यात शेकडोपट पुढे. त्याला आधी वेगळं काढावं लागतं. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत झिरकॉन सापडतं आणि हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये १९७० च्या दशकापासून त्याच्या नळ्या तयार होत आल्या. दुसरी अडचण अमेरिकेत आली. पाणबुडीवरच्या अणुभट्टीसाठी हा धातू वापरायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की धातूत नायट्रोजनचा जरासा अंश राहिला तरी गरम पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. यावर उपाय निघाला, थोडं कथील मिसळायचं. होय, तेच आपलं कल्हईचं कथील! पुढे एका ओतकामात चुकून स्टेनलेस स्टीलचा अंश मिसळला आणि तो तुकडा इतरांपेक्षा चांगला टिकला. त्यातून झिर्कलॉय-२ हा मिश्रधातू आला. त्यात दीड टक्का कथील, आणि लोखंड, क्रोमियम, निकेल यांची नुसती चिमूट. स्वयंपाकात नाही का, चुकून पडलेल्या जिन्नसानं कधी कधी पदार्थ जमून जातो, तसं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. भाचा म्हणाला, "आत्या, झिर्कोनियम गंजत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. ते पाणी लागताक्षणी गंजतं. म्हणूनच टिकतं."

मी म्हटलं, हे काय कोडं?

कोडं असं. लोखंडाचा गंज आपण रोज बघतो. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा. तो सुटून पडतो, खालचं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. झिर्कोनियमचा गंज वेगळा. गरम पाण्याशी गाठ पडली की हा धातू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि स्वतःच्या अंगावर काळा, चकचकीत, घट्ट थर तयार करतो. हा थर सुटत नाही. तो धातू आणि पाणी यांच्या मध्ये उभा राहतो. पुढचा प्राणवायू त्या थरातून झिरपत झिरपत धातूपर्यंत पोचणार, मग थर वाढणार. म्हणजे थर जितका जाड, तितकी वाढ मंद. नव्या बिडाच्या तव्याला तेल लावून, तापवून तापवून काळा करतात ना, तसा तो तवा जणू स्वतःच काळा होतो. किंवा मी तिला पाण्यानेच केलेली कल्हई म्हणते. कल्हईवाला नाही, भाता नाही. ज्या पाण्यापासून बचाव करायचा, त्याच पाण्याकडून सामान घेऊन धातू आपलं चिलखत घडवतो.

हे इतकं महत्त्वाचं, की दाबाच्या मोठ्या नळ्या अणुभट्टीत बसवण्याआधीच सुमारे चारशे अंशांच्या वाफेत ठेवतात आणि हा काळा थर मुद्दाम चढवून घेतात. नवी नवरी सासरी पाठवताना हळद लावून पाठवावी तशी.

पण कल्हई फुकट होत नाही. मजुरी द्यावी लागते. पाण्यातून प्राणवायू काढला की मागे राहतो हायड्रोजन. त्यातला बराचसा पाण्यात निघून जातो, पण काही भाग धातूत शिरतो. थोडा असेल तोवर गरम धातूत तो विरघळून राहतो. जास्त झाला, किंवा धातू थंड झाला, की साखरेचा पाक गार झाल्यावर कडेला खडे जमतात तसा तो बाहेर पडतो आणि धातूच्या पोटात पातळ पापुद्र्यांसारखा साचतो. हे पापुद्रे ठिसूळ असतात. वरून चकचकीत दिसणारी नळी आतून काचेच्या स्वभावाची होऊ लागते.

आणि थरालाही मर्यादा असते. झिर्कोनियमचा थर मूळ धातूच्या दीडपट जागा व्यापतो, त्यामुळे तो सतत दाटीवाटीत, दाबाखाली वाढतो. सुमारे दोन मायक्रॉन जाडीपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चालतं. दोन मायक्रॉन म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा तीस-पस्तिसावा भाग. त्यानंतर थरात सूक्ष्म भेगा पडतात, पाणी आत शिरतं, खाली नवा थर सुरू होतो, पुन्हा दोन मायक्रॉन, पुन्हा भेगा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. पाणी चांगलं असेल तर हे चक्र इतकं हळू चालतं, की इंधनाची नळी आपलं काम संपवून केव्हाच बाहेर येते. पाणी बिघडलं तर चक्र धावायला लागतं. काळा थर पांढरा पडतो, खडूसारखा होतो.

म्हणजे मुद्दा असा, की अणुभट्टीतला हा धातू टिकतो थरावर आणि थर टिकतो पाण्यावर. मग पाणी कसं हवं? मी आपलं साधं उत्तर दिलं, "शुद्ध." भाचा हसला. "शुद्ध तर हवंच. पण शुद्ध म्हणजे योग्य नव्हे."

तारापुरात त्यानं दोन तऱ्हेचं पाणी सांभाळलं. पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासूनच्या, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीचं. तिथे साधंच पाणी, पण क्षार काढून काढून जवळजवळ निखळ केलेलं. ते अणुभट्टीतच उकळतं आणि तीच वाफ जनित्राकडे जाते. किरणांच्या माऱ्यानं पाण्याचे रेणू फुटतात. त्यातला हायड्रोजन वाफेबरोबर उडून जातो आणि पाण्यात प्राणवायू जास्त उरतो. जास्त म्हणजे किती, तर अब्जात दोनशे भागांच्या आसपास. पण तेवढ्यानंही फरक पडतो. जगभर अशा अणुभट्ट्यांत झिर्कलॉयच्या काळ्या अंगावर पांढरे, मसुराच्या डाळीच्या आकाराचे सूक्ष्म ठिपके उठतात. त्याला ते गाठीचा गंज म्हणतात. अमेरिकेतल्या काही केंद्रांत तर पितळी नळ्यांमधून आलेलं तांबं पाण्याबरोबर जाऊन इंधनाच्या नळ्यांवर साचलं, त्या पुटाखाली धातू जास्त तापला आणि नळ्यांना भोकं पडली. माझ्या बहिणीच्या हीटरच्या कांडीचीच गोष्ट, फक्त इथे कांडीच्या आत युरेनियम!

तिसरी आणि चौथी अणुभट्टी आपल्या लोकांनी बांधलेली, प्रत्येकी ५४० मेगावॉटची. चौथी २००५ साली आधी सुरू झाली, तिसरी २००६ साली. तिथे जड पाणी असतं. त्यातल्या हायड्रोजनच्या जागी त्याचा वजनदार भाऊ ड्युटेरियम असतो. आपल्या रायगड जिल्ह्यात थळला ते तयार करायचा कारखाना आहे. एकेका अणुभट्टीत ३९२ आडव्या नळ्या, झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळलेल्या. नळीची भिंत चार-साडेचार मिलिमीटरची, आत सुमारे तीनशे अंश तापलेलं जड पाणी, हवेच्या दाबाच्या शंभरपट दाबाखाली. नळीच्या पोटात इंधनाचे जुडगे. त्यांच्या झिर्कलॉयच्या आवरणाची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

आता इथली गंमत पाहा. हे पाणी फक्त झिर्कोनियमला भेटत नाही. ते पुढे साध्या पोलादाच्या नळ्यांतून जातं, बॉयलरमध्ये निकेलच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांतून जातं आणि परत येतं. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पोलादाला पाणी अल्कधर्मी लागतं, पीएच दहाच्या थोडं वर. (पीएच सात म्हणजे ना आंबट ना सोड्याचं. आपल्या लोणारच्या पाण्याचा पीएचही दहाच्या आसपासच आहे. लोणार आणि तारापूर असे एका रेषेत येतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.) तसं पाणी नसेल तर पोलाद झिजतं. ती झीज पाण्याबरोबर वाहत जाऊन इंधनाच्या नळ्यांवर पुटासारखी बसते. म्हणून पाण्यात लिथियमचा अल्क घालतात, दहा लाखांत जेमतेम एखादा भाग. पण लिथियम जास्त झालं, विशेषतः पुटाखालच्या बारीक छिद्रांत पाणी आटून ते दाट झालं, तर झिर्कोनियमचा थर भुसभुशीत होतो. म्हणजे पोलादाच्या सुखासाठी घालावं, तर झिर्कोनियमला त्रास. प्राणवायू अब्जात दहा भागांच्याही खाली ठेवायचा, म्हणून पाण्यात मुद्दाम थोडा हायड्रोजन सोडायचा. तोही जास्त होऊन चालत नाही, कारण हायड्रोजन म्हणजे झिर्कोनियमचा जुना वैरी. क्लोराइड नको, ते स्टेनलेस स्टीलला तडे पाडतं. फ्लोराइड तर नकोच नको, झिर्कोनियमचा थरच ते विरघळवतं. हे ऐकून मला यवतमाळ-चंद्रपूरकडची मुलं आठवली, विहिरीच्या फ्लोराइडनं दातांवर डाग पडलेली. दात काय आणि झिर्कोनियम काय, वरचं कवच गेलं की संपलं.

एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे समजायला अवघड नाही. एका सासूला तिखट हवं, एका दिराला अळणी, मुलांना गोड, आजोबांना मऊ. स्वयंपाक एकच. ज्या बाईनं तो रोज निभावून नेला, तिला कोणी पदक दिलं नाही. तारापूरच्या त्या पाण्याचं तसंच आहे. कोणा एकाला सर्वांत आवडेल असं ते करता येत नाही. सर्वांना सोसेल असं ठेवावं लागतं. आणि एकदा करून भागत नाही. रोज नमुना काढायचा, पीएच बघायचा, विद्युत्वाहकता बघायची, लिथियम, क्लोराइड, विरघळलेले वायू मोजायचे, वहीत लिहायचे. आकडा जरा सरकला की तो का सरकला, हे शोधायचं. चौतीस वर्षं.

हे सगळं बिनसलं तर काय होतं, तेही सांगायला हवं. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात अशीच एक दाबाची नळी अचानक उभी फाटली. चीर सुमारे दोन मीटर लांब. ती नळी झिर्कलॉय-२ ची होती. तिच्या भोवती दुसरी, थंड नळी असते. दोघींना अंतरावर ठेवणारी स्प्रिंग सरकली होती, म्हणून गरम नळी वाकून थंड नळीला टेकली. वर्षानुवर्षं अंगात मुरलेला तो कल्हईच्या मजुरीचा जड हायड्रोजन त्या थंड जागेकडे गोळा झाला, फोड आला, आणि फोडातून तडा. अणुभट्टी सुरक्षित बंद करता आली. पण आपल्याकडे राजस्थान, कल्पाक्कम, नरोरा इथेही झिर्कलॉय-२ च्याच नळ्या होत्या. पुढच्या वर्षांत त्या शेकड्यांनी काढून नायोबियमवाल्या नव्या नळ्या घालाव्या लागल्या. या नळ्यांत हायड्रोजन कमी मुरतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी तर चालत्या संसारातली नळी न काढता, तिच्या आतल्या अंगाची इवलीशी खपली खरवडून आणायचं यंत्र तयार केलं. त्या खपलीतला हायड्रोजन मोजून नळीचं उरलेलं आयुष्य सांगता येतं. नखावरून माणसाची तब्येत ओळखावी तसं.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. ११ मार्च २०१६ ला गुजरातेत काकरापारच्या पहिल्या अणुभट्टीत एक नळी गळली. तिथे तर नायोबियमच्याच नळ्या होत्या. तपासात दिसलं, की नळीच्या बाहेरच्या अंगावर, जिथे पाणी नसतं, नुसता कार्बन डायऑक्साइड वायू खेळतो, तिथे ठिकठिकाणी गंजाचे डाग पडले होते. म्हणजे लक्ष आतल्या बाजूवर असताना बाहेरून पोखरलं. शेवटी साऱ्या नळ्या बदलून २०१९ साली ती पुन्हा सुरू झाली. काकरापार तापीच्या काठचं. आमच्या जिल्ह्यातली पूर्णा तापीलाच मिळते. म्हणजे खारपाणपट्ट्यावरून वाहून गेलेलं पावसाचं पाणी शेवटी त्याच बाजूला जातं. अर्थात नदीचं पाणी आणि अणुभट्टीतलं जड पाणी एकमेकांना कधी भेटत नाहीत, त्यांच्यामध्ये भिंती आहेत. पण त्या भिंती म्हणजे पुन्हा धातूच्या नळ्या आणि पुन्हा त्यांच्यावरचे थर!

आणि तिसरी गोष्ट साऱ्यांना माहीत आहे. ११ मार्च २०११, फुकुशिमा. त्सुनामीनं वीज गेली, पाणी फिरवायचे पंप थांबले, इंधन तापत गेलं. तीनशे अंशांना वर्षाकाठी काही मायक्रॉन चालणारी तीच क्रिया हजार-बाराशे अंशांच्या पुढे तासाभरात नळी खाऊन टाकते. शिवाय स्वतःच उष्णता देते, म्हणजे आगीत तेल. त्यातून निघालेल्या हायड्रोजननं इमारतींची छपरं उडाली. जी कल्हई थेंबाथेंबानं होत होती, ती एकदम झाली, एवढाच फरक. म्हणून मला हा सगळा विषय नुसता नवलाचा वाटत नाही. अणुवीज हवी की नको, यावर तुमचं-माझं मत काहीही असो. तारापूरसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरं सोडावी लागली, त्यांचं मत अजून वेगळं असेल. पण जोवर ती चूल पेटलेली आहे, तोवर तिच्या पाण्याकडे कोणीतरी रोज बघितलंच पाहिजे.

आता जे घरच्यांसाठी लिहायचं होतं, ते लिहिते. माझा थोरला भाऊ, दादा, चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. शेतकरी माणूस. एकुलता मुलगा शेती सोडून समुद्राकाठी गेला, याचं दुःख त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण गिळलंही नाही. लोकांची मुलं पूल बांधतात, बोगदे खणतात, त्यांचे फोटो दाखवता येतात. हा सुट्टीत यायचा तेव्हा दाखवायला काही नसायचं. परवा दिवाळीत सगळे जमलो असताना दादानं विचारलं, "चौतीस वर्सं निस्तं पानीच तपासलं का रे बाप्पा?" सगळे हसले. भाचाही हसला. पण नंतर तो बराच वेळ अंगणात एकटा उभा होता, ते मी पाहिलं.

दादा, तुला मी सांगते. तुझ्या मुलाच्या चौतीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेल्या पाण्यानं काही घडलं नाही. हेच त्याचं काम होतं. काहीही न घडणं दाखवता येत नाही, त्याचा फोटो निघत नाही. दोन मायक्रॉनचा थर डोळ्यांना दिसतही नाही.

आणि तुला हे कळणार नाही असं नाही. नवी विहीर लागली तेव्हा मिरचीच्या वाफ्याला पाणी सोडण्याआधी तू ते ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवलं होतंस, मला आठवतं. शेजारच्यानं न चाखता बोअरचं पाणी पाच वर्षं दिलं आणि त्याची जमीन चोपण झाली. पावसानंतर तिच्यावर पाय ठेववत नाही, उन्हाळ्यात भेगाळते. तुझी अजून भुसभुशीत आहे. कोणी तुला विचारलं का कधी, की दादाराव, तुमची जमीन चोपण कशी नाही झाली? न झालेल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं!

भाच्याला मी म्हटलं, तू बापाचाच धंदा केलास, फक्त जिभेऐवजी यंत्र वापरलंस. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एक लहानसं उपकरण घेऊन शेतावर गेला आणि विहिरीच्या पाण्याचा पीएच मोजून आला. साडेसात निघाला. दादानं आकडा ऐकला, स्वतः एक घोट घेतला आणि म्हणाला, "बरोबर हाय."

हा लेख दादाला त्याचा नातू मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. कुठे अडलं तर दादा मला फोन करेलच. तुम्हालाही काही विचारायचं असेल तर जरूर कळवा, मी संध्याकाळच्या चहाला विचारून ठेवीन.